सिल्ट फेन्स (माती अडवायला खुंटांवर ताणलेलं कापडाचं कुंपण) लावूनही साइटवरून गढूळ पाणी बाहेर जातंय, कापड जाड घेऊ की दुसरी रांग लावू?

जाड कापड घेऊ नका. तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी जखम उघडी पडली, कारण आमच्या साहेबांनीही त्या वेळी हेच विचारलं होतं, म्हणजे विचारलं कुठलं, ऑर्डरच देऊन मोकळे झाले.

फेन्स ही गाळणी नाहीये हो, तिचं काम पाणी अडवायचं. पाणी मागं तुंबलं, शांत झालं की माती खाली बसते, एवढंच. कापड जाड केलं की तुंब वाढणार आणि मग एक तर खुंट आडवे होणार नाहीतर खालून भगदाड पडणार.

आमचा प्लॉट एका बाजूला उतरता. पोकलेन भाड्यानं आलाय तर सगळं एकदम साफ करून घेऊ असं ठरलं, मी म्हटलं खालच्या अर्ध्या भागाला दोन महिने कामच नाही, तिथलं गवत राहू दे की, तर "गवत ठेवून बिल निघतं का?" असं सगळ्यांसमोर. बरं. मग फेन्स कुठं, तर कंपाउंडच्या लायनीत, दिसायला सरळ नीटनेटकी, पण लायनच उतारावरून खाली जाणारी! फेन्स लावायची ती उताराला आडवी, एकाच लेव्हलला, आणि दोन्ही टोकं वरच्या बाजूला वळवलेली, म्हणजे पाणी कडेनं निसटत नाही. आमच्या फेन्सनं पाणी अडवलं नाहीच, उलट गटारासारखं गोळा करून सगळं एका कोपऱ्यात नेऊन ओतलं. वर कापडाचं खालचं टोक 15 सेंटिमीटर चरात गाडून वरची माती धुम्मसानं ठोकून घट्ट करायची सोडून दर दोन हातांवर दगड ठेवलेले.

रात्री पाऊस आला. मी टॉर्च घेऊन कोपऱ्यात गेलो तर फेन्स अगदी ताठ उभी, आणि तिच्या खालून मुठीएवढ्या भोकातनं पाण्याची धार सुटलेली, बघता बघता त्यात बादली मावेल एवढं ते झालं, दगड टाकले तर दगडही गेले. सकाळी शेजारच्या प्लॉटमधे घोटाभर चिखल, पलीकडच्या नाल्याचा पाइप अर्धा भरलेला. आणि पत्र कुणाच्या नावानं? माझ्या. "फेन्सच्या देखभालीत हलगर्जीपणा." उपाय काय, तर जाड कापड.

मी त्या पाण्याची एक बाटली भरून ऑफिसच्या खिडकीत ठेवली होती. वाळू मिनिटभरात तळाशी, बारीक गाळ संध्याकाळपर्यंत, पण वरचं पाणी तिसऱ्या दिवशीही मातकटच. चिकणमातीचं असंच असतं, 2 मायक्रॉनच्या कणाला शांत पाण्यात 1 मीटर खाली जायला तीनेक दिवस लागतात, आणि त्याहून बारीक कण तर किती तरी. फेन्समागं पाणी फार तर काही तास थांबणार. म्हणजे चिकणमाती एकदा पाण्यात मिसळली की कुठल्याच कापडाचं काम नाही, ती सुटूच नये हे बघायचं. हे मी साहेबांना बाटली दाखवून सांगितलं, ते म्हणाले बाटली उचल आधी इथून.

त्यामुळे तुम्ही पैसे मातीवर घाला, कापडावर नाही. ज्या भागाला दोन आठवडे हात लागणार नाही तिथं पेंढा पसरा, तीव्र उतारावर ज्यूटची जाळी, मातीच्या ढिगावर ताडपत्री. वरच्या बाजूनं येणारं स्वच्छ पाणी चर खणून साइटच्या बाहेरूनच काढून द्या, हे लोक विसरतात आणि तिथंच अर्धी लढाई हरतात. गेटवर नुसता मुरूम नको, 50-75 एमएमची खडी, निदान 15 मीटर लांब, नाहीतर डंपरच्या टायरला लागून जाणारा चिखल वेगळाच.

दुसरी रांग? उतार लांब असेल तर मधे लावा, 30 मीटर फेन्समागं साधारण 1000 चौरस मीटरपेक्षा जास्त जागेचं पाणी नको. पण ओहळ धरून वाहणाऱ्या पाण्यात फेन्स कधीच नाही, तिथं एकाखाली एक छोटे दगडी बांध, खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या लेव्हलला.

आणि हो, तुमची माती कुठली ते तुम्ही लिहिलंच नाहीये. वाळूसर असेल आणि उतार कमी असेल तर माझं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही, फेन्सच नीट गाडा आणि मागचा गाळ एक तृतीयांश उंचीला आला की काढत जा, तेवढ्यानं भागेल. चिकणमाती असेल तर पाणी आधी तळ्यात थांबवावं लागेल, आणि कधीकधी कण बसवायला केमिकलही, पण ते माहीतगार माणसाकडूनच, आपल्या मनानं नाही.

वरचे ऐकत नसतील तर पाऊस यायच्या आधीच फेन्सचे, उघड्या मातीचे फोटो काढून तारखेसकट मेल करून ठेवा. मी फक्त तोंडी बोललो होतो.