चौदा हजारांच्या कीबोर्डमागचा साठ हजारांचा हप्ता

म्हापशाहून एका वाचकाने पत्र पाठवलं आहे. वय २७, पणजीत सीएच्या कार्यालयात नोकरी, हातात येणारा पगार ३४,००० रुपये, घरखर्च जाऊन महिन्याला ५,००० उरतात. वडील निवृत्त, बहीण कॉलेजात. संध्याकाळी घरी दोन-तीन दुकानांचे हिशेब टॅलीत भरतात, थोडं मराठी टायपिंग असतं आणि रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गेम. ते विचारतात: "दिव्यांचा, ६१ बटणांचा वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड १४,५०० ला आहे. नऊ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ, की ४,५०० वाला वायरचा घेऊ? पुढे गेमिंगचं चॅनल काढणार आहे. महिन्याला दहा-बारा हजार सुटले की हप्ता त्यातूनच भागेल." आणि अगदी शेवटी: "कार्डावर ५७,००० बाकी आहेत. ऑगस्टमध्ये पॉलिसीचा हप्ता कार्डाने भरला होता त्याचे. पण मिनिमम ड्यू एकदाही चुकवलेला नाही, स्कोअर चांगला आहे. क्रेडिट सोसायटीत ९०,००० ची मुदत ठेव आहे, तिला हात लावलेला नाही."

कीबोर्डचं उत्तर सोपं आहे. १४,५०० वाला घेऊ नका, आणि त्याचं कारण फक्त किंमत नाही. ६१ बटणांच्या कीबोर्डला उजवीकडचा आकड्यांचा पॅड नसतो, बाणांची वेगळी बटणं नसतात आणि वरची एफ१ ते एफ१२ ही ओळही नसते. टॅलीत पेमेंट एफ५, रिसीट एफ६, जर्नल एफ७, विक्री एफ८, खरेदी एफ९. ही सगळी बटणं तुम्हाला दरवेळी एफएन दाबून शोधावी लागतील, आणि शेकडो पावत्यांचे आकडे वरच्या ओळीतून टाइप करावे लागतील. आठवड्याभरात जुना कीबोर्ड पुन्हा टेबलावर येईल. ती वस्तू फक्त खेळणाऱ्यासाठी बनवलेली आहे. तुमचं अर्धं काम हिशेबाचं आहे.

आता शेवटच्या ओळींकडे येतो, कारण खरी गळती तिथे आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये, चवथीच्या तोंडावर हात आखडलेला असताना तुम्ही ६०,००० चा हप्ता कार्डाने भरला. तेव्हापासून महिन्याला ३,००० भरताय. तुमच्या कार्डाचा दर महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरला की ५१. सहा महिन्यांत तुम्ही १८,००० भरले आणि बाकी ६०,००० वरून ५७,००० वर आली. मुद्दल उतरलं ३,०००, उरलेले १५,००० व्याजात आणि करात गेले. तुम्ही ज्या कीबोर्डचा विचार करताय, त्याची पूर्ण किंमत अशी आधीच गेलेली आहे, आणि घरात वस्तू काही आलेली नाही.

याच वेगाने भरत राहिलात तर फेडायला अजून तीन वर्षं आणि तीन-चार महिने लागतील, एकूण भरणा सुमारे १ लाख १९ हजार. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरल्याने दंड लागत नाही आणि खात्यावर थकबाकीचा शिक्का बसत नाही, एवढंच. व्याज एक रुपयाही थांबत नाही. शिवाय मागची बाकी पुढे ओढली जात असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पॉइंट मिळतात म्हणून कार्डावर घेतलेल्या किराण्यावर आणि पेट्रोलवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होतं. ते आजपासून बंद करा.

अशा कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे भार आणखी वाढवणं. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज असतंच, फक्त तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडूनच जाते. १४,५०० वर हे मिळून साधारण ४०० रुपये. ती रक्कम किरकोळ आहे. महिन्याचा १,६१० चा हप्ता मात्र किरकोळ नाही, कारण तो पूर्णच्या पूर्ण मिनिमम ड्यूमध्ये धरला जातो. तुमच्या पाच हजारांतले तीन हजार आधीच कार्डाला जातात. उरलेल्या दोनांतले सोळाशे कीबोर्डला गेले तर महिन्याला चारशे रुपये हातात राहतात. त्यात अचानक आलेला एखादा खर्च बसत नाही.

मग ऑगस्ट २०२६ चा पॉलिसीचा हप्ता कशातून भरणार होतात? तुमची वर्षाची पूर्ण बचतच ६०,००० आहे. कार्डाचे तीन हजार वजा करून सहा महिन्यांत फार तर १२,००० साठतील. बाकीचे ४८,००० पुन्हा कार्डावर, आणि तोवर जुनी बाकी ५३,००० च्या आसपास असेल. दोन्ही मिळून एक लाखावर. एक लाखाचं महिन्याचं व्याज कर धरून सव्वाचार हजार, आणि तुम्ही भरताय तीन. त्या दिवसापासून कर्ज फक्त वाढत जाईल.

म्हणून पॉलिसीकडे जावंच लागतं. पत्रात तुम्ही लिहिलंय की ऑगस्ट २०२४ मध्ये मुदत ठेव करायला बँकेत गेला होता, तिथल्या माणसाने "ठेवीपेक्षा हे बरं, ४६ टक्के हमखास नफा, वर कर वाचेल" असं सांगून हे गळ्यात घातलं. ६०,००० रुपये १२ वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षाच्या शेवटी साडेदहा लाख. ७ लाख २० हजारांचे १० लाख ५० हजार होतात, वाढ ४६ टक्के. बेरीज बरोबर आहे. पण ती पंधरा वर्षांची मिळून आहे. वर्षाचा दर काढला तर तो जेमतेम ४ टक्के भरतो. हाच पैसा पीपीएफमध्ये गेला असता, तर आजचा ७.१ टक्के दर टिकला असं धरून तेवढ्याच मुदतीत १४ लाख झाले असते. फरक साडेतीन लाखांहून जास्त.

कराचं तर बोलायलाच नको. तुमचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे. नव्या पद्धतीत कलम ८० सीची वजावट मिळतच नाही, आणि एवढ्या उत्पन्नावर तिथे कर शून्य आहे. जुन्या पद्धतीतही पाच लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्यच. जो कर लागतच नाही, तो वाचवण्यासाठी तुम्हाला पंधरा वर्षं बांधून घातलं. ठेव करायला आलेल्या पोरासमोर असं कागद सरकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणि विमा म्हणून बघितलं तर संरक्षण किती? ६ लाख. तुमच्या दीड वर्षाच्या पगाराएवढं. घरी निवृत्त वडील आणि शिकणारी बहीण असताना ते पुरत नाही.

आता करायचं काय, ते क्रमाने.

सोसायटीतली ठेव मोडा आणि कार्डाची पूर्ण बाकी एकरकमी भरा. भरण्याआधी बँकेला फोन करून त्या दिवसापर्यंतची नेमकी रक्कम विचारा, कारण शेवटच्या बिलानंतरचं व्याज पुढच्या बिलात येतं आणि "सगळं फेडलं" असं वाटत असताना हजार-दोन हजारांची शेपटी राहते. ठेव तुम्हाला ८ टक्क्यांनी महिन्याला ६०० देते, कार्ड महिन्याला २,४०० खातं. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडं कमी मिळेल, तरी चालेल. सोसायटी मोडू देत नसेल तर ठेवीवर कर्ज घ्या. ते दहा-अकरा टक्क्यांनी पडलं तरी एक्कावन्नपेक्षा परवडतं. उरलेले ३३,००० बँकेत ठेवा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्याही, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच असतं. क्रेडिट सोसायटीला ते नसतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

पॉलिसीचा तिसरा हप्ता भरू नका. पण चिडून लगेच सरेंडरही करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडून पैसे मागू नका. तुमची पॉलिसी सरेंडरच्या ऑक्टोबर २०२४ च्या नव्या नियमांच्या आधीची आहे. दोन हप्ते भरून झाल्यावर तिला किमान सरेंडर मूल्य मिळतं भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे १ लाख २० हजारांतले ३६,०००. त्याऐवजी पुढचे हप्ते थांबवून ती पेडअप करता येते. मग विमा कमी होतो आणि मुदतीअखेर बारा हप्त्यांपैकी दोनांच्या प्रमाणात रक्कम मिळते. अटींनुसार ती १ लाख २० हजार निघाली, तरी आजच्या ३६,००० चे तेवढे होणं म्हणजे वर्षाला ९ टक्क्यांहून जास्त. म्हणून पेडअप बरं. उरलेले दहा हप्ते भरत राहिलात तर त्या नव्या पैशावर साधारण पाचच टक्के पडतात, आणि मुळात ते भरायला तुमच्याकडे पैसे नाहीत. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आजचं सरेंडर मूल्य आणि पेडअप केल्यावर मुदतीअखेर मिळणारी रक्कम. तोंडी ऐकू नका. "एक हप्ता भरा, मग बघू" असं सांगितलं जाईल. बघायचं जे आहे ते भरण्याआधीच बघा.

फसवून विकल्याची तक्रारही करा. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. गोवा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो, फी लागत नाही, वकील लागत नाही. सही केलेल्या कागदांवर सगळं छापलेलं असतं, त्यामुळे पूर्ण रक्कम परत मिळण्याची आशा मी लावणार नाही. पण ठेव म्हणून विकल्याचा एखादा मेसेज फोनमध्ये असेल तर जपून ठेवा, वजन त्यालाच असतं.

नवी पॉलिसी घ्यायची ती शुद्ध टर्म, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा, ५० लाखांची. धूम्रपान नसेल तर तुमच्या वयाला वर्षाला साधारण पाच ते सात हजारांत बसते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. ती हातात आल्यावरच जुनीचा हप्ता थांबवा. ऑगस्टपर्यंत वेळ आहे.

चॅनलबद्दल थोडक्यात. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं लागतं. म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. माणूस सरासरी चार मिनिटं थांबला तर ६०,००० वेळा पाहिलं जायला हवं, रोज १६५. आणि तिथे पोचल्यावर कमाई सुरू होते, दहा हजार नव्हे. हौस म्हणून जरूर करा. पण हप्ता त्यावर टाकू नका, आणि पाहणाऱ्याला तुमच्या कीबोर्डचे दिवे दिसत नाहीत, आवाज ऐकू येतो. खर्च करायचाच तर पहिला माइकवर.

कार्ड कोरं झालं की महिन्याचे पूर्ण पाच हजार मोकळे होतात. त्यातल्या पहिल्या महिन्याचे कीबोर्डला द्या, रोख. हा खर्च मला अजिबात खटकत नाही. रोज पाच-सहा तास बोटांखाली असणारी वस्तू आहे. तुमचा ४,५०० वाला १०४ बटणांचा, वायरचा आहे, आकार योग्य. टेबल अरुंद असेल तर ९६ टक्के नावाने मिळणारा बघा. त्यात आकड्यांचा पॅड असतो, फक्त बटणांमधल्या मोकळ्या जागा काढलेल्या असतात, त्यामुळे माउसला जागा मिळते.

स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखालचा दबणारा भाग, लाल किंवा तपकिरी घ्या. लाल साधारण ४५ ग्रॅमला दबतो आणि सरळ जातो, खेळायला छान. पण टायपिंगमध्ये बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं. तपकिरी थोडा जड, मध्ये हलकासा अडथळा जाणवतो, त्यामुळे आकडे भरताना चुका कमी होतात. तुमच्या मिश्र कामाला तपकिरी. निळा टकटक वाजतो. रात्री बारा वाजता शेजारच्या खोलीत बहीण अभ्यास करत असेल तर तो नकोच.

दिव्यांत फसगत नेमकी कुठे होते? रंग दीड कोटीहून जास्त असोत की एक पांढरा, अक्षर प्रकाशित होणार की नाही ते बटणावरच्या टोपीवर ठरतं. अक्षरातून उजेड आरपार जाणारी टोपी नसेल तर उजेड बटणांच्या फटींतून येतो आणि अक्षर काळंच राहतं. फोटोत झकास दिसतं, अंधारात एफ७ सापडत नाही. टोपी पीबीटी प्लास्टिकची, दुहेरी साच्याची (अक्षर छापलेलं नसून वेगळ्या प्लास्टिकचं ओतलेलं) घ्या. एबीएस प्लास्टिकची टोपी लवकर तुळतुळीत होते, आणि वर नुसती छापलेली अक्षरं पुसट होतात. देवनागरीचे स्टिकर लावू नका, ते उजेड अडवतात. इनस्क्रिप्ट ही देवनागरीची बटणरचना पंधरा दिवस रोज अर्धा तास केली की बोटांना बसते. वायरलेसमध्ये दिवे चालू ठेवले की बॅटरी झपाट्याने उतरते. टेबलावरून न हलणाऱ्या कीबोर्डला त्याचे जास्त पैसे कशाला?

आणि स्विच उपटून बदलता येणारा, हॉट-स्वॅप नावाने मिळतो तो, निवडा. गोव्याच्या खारट, दमट हवेत जून ते सप्टेंबर सुट्या धातूवर गंज चढतो. एक दाबलं की दोन अक्षरं उमटायला लागतात. हॉट-स्वॅपमध्ये तो एक स्विच पंचवीस-चाळीस रुपयांत मिनिटभरात बदलतो. सोल्डर केलेला असेल तर वॉरंटी संपल्यावर डाग द्यायला दुकान शोधत फिरावं लागतं. पावसाळ्यात काम झालं की वर कापड टाका आणि तो खिडकीजवळ ठेवू नका.

वस्तू घरी आली की परतीची मुदत संपण्याआधी नोटपॅड उघडून प्रत्येक बटण एकदा दाबा. स्पेस आणि एंटर कडेला दाबून खडखडतात का बघा. डब्ल्यू, शिफ्ट आणि स्पेस एकत्र धरून चौथं बटण उमटतं का तेही बघा. बिल रोखीचं, वॉरंटीच्या तारखेसकट जपून ठेवा.