‘सहाबा’ की ‘सहाबी’? आणि दोन्हींचे ‘सोबत’शी नाते

प्रश्न असा आला आहे: ‘“हजरत अबू बकर हे पैगंबरांचे सहाबा होते” असे वाक्य एका मराठी लेखात वाचले. अन्यत्र “सहाबी” असेही रूप दिसते. यांतले शुद्ध कोणते, “साहेब” या शब्दाशी त्याचा काही संबंध आहे काय, आणि मराठीत सरळ “अनुयायी” म्हटले तर काय बिघडेल?’

एका व्यक्तीसाठी ‘सहाबी’ हेच रूप योग्य आहे; ‘सहाबा’ हे अरबीतले अनेकवचन आहे. उर्दूतही एकासाठी ‘सहाबी’ आणि समुदायासाठी ‘सहाबा’ हाच भेद पाळला जातो. मराठी लेखकाची चूक का होते, हे मात्र समजण्यासारखे आहे. एक तर ‘सहाबा’ हा शब्द कानाला आपल्या आकारान्त पुल्लिंगी एकवचनासारखा वाटतो, आणि दुसरे म्हणजे ‘हे... होते’ या आदरार्थी अनेकवचनी रचनेत अनेकवचनी नाम सहज खपून जाते. अरबी अनेकवचने एकवचनी म्हणून वापरण्याची आपली सवयही जुनीच आहे. ‘अहवाल’ हे मुळात ‘हाल’चे, ‘उमराव’ हे ‘अमीर’चे आणि ‘औलाद’ हे ‘वलद’चे अनेकवचन आहे, पण ‘एक अहवाल’ म्हणताना कोणालाही खटकत नाही आणि खटकूही नये. मग ‘सहाबा’लाच वेगळा न्याय का? कारण ते शब्द मराठीत रुळून मराठी झाले, तर ‘सहाबी’ ही अजून परिभाषाच आहे, आणि ज्या समाजात ती रोज वापरली जाते तेथे एकवचन-अनेकवचनाचा भेद जिवंत आहे. मराठी व्याकरणाला धरून लिहायचे तर ‘हत्ती’प्रमाणे ‘एक सहाबी, अनेक सहाबी, सहाबींना’ असे चालवावे, म्हणजे ‘सहाबा’ टाळूनही काही अडत नाही.

आता व्युत्पत्ती. ‘साद-हा-बा’ या अरबी धातूचा अर्थ संगतीत असणे. त्यापासून ‘साहिब’ म्हणजे बरोबर असणारा, आणि पुढे ज्याच्याकडे एखादी वस्तू वा अधिकार आहे तो, म्हणजे धनी. हा दुसरा अर्थ फारसीमार्गे आपल्याकडे येऊन ‘साहेब’ झाला. त्याच धातूचे ‘सुहबत’ हे नाम फारसी-उर्दूत ‘सोहबत’ झाले आणि मराठीत मधला ‘ह’ गळून ‘सोबत’ उरले. म्हणजे ‘साहेब’, ‘सोबती’ आणि ‘सहाबी’ हे एकाच घरचे, पण कचेरीतल्या साहेबाने आपले मूळ साफ विसरले आहे आणि सोबत्याने ते जपले आहे.

पैगंबरांचे जवळचे सहकारी आणि पुढे पहिले खलीफा झालेले अबू बकर यांच्या चरित्रात हा धातू नेमका मोक्याच्या जागी येतो. इ. स. 622 मध्ये मक्केतले बहुतेक मुसलमान यस्रिबला, म्हणजे पुढच्या मदीनेला, निघून गेले होते. अबू बकर यांनीही निघण्याची तयारी केली होती, परंतु पैगंबर मुहम्मदांनी त्यांना थांबण्यास सांगितले, म्हणून दोन उंटिणी दाराशी बांधून ते चारा घालत राहिले. एका दिवशी ऐन दुपारी, एरवी कधी येत नसत अशा वेळी, पैगंबर डोके झाकून त्यांच्या घरी आले आणि मक्का सोडण्याची अल्लाहची अनुमती मिळाल्याचे त्यांनी सांगितले. त्यावर अबू बकर यांच्या तोंडून जुन्या सीरा-ग्रंथांप्रमाणे, म्हणजे पैगंबर-चरित्रांप्रमाणे, एवढेच निघाले: ‘अस्सुहबा, या रसूलल्लाह?’ आणि उत्तरही त्याच शब्दात आले: ‘अस्सुहबा.’ याचे भाषांतर करायला मराठीला शब्द शोधावा लागत नाही. ‘मी सोबतीला?’ – ‘सोबतीला.’ त्यांची कन्या आयेशा सांगतात की, आनंदानेही माणूस रडतो हे त्या दिवशी वडिलांना पाहून त्यांना प्रथम कळले. पैगंबरांनी उंटीण घेतली ती मात्र किंमत देण्याच्या बोलीवर.

यस्रिब उत्तरेला असूनही दोघे आधी दक्षिणेकडच्या सौर डोंगरातील गुहेत तीन रात्री लपून राहिले. कुरआनात (9:40) या प्रसंगाच्या उल्लेखात पैगंबर आपल्या ‘साहिब’ला म्हणतात की, खेद करू नकोस, अल्लाह आपल्याबरोबर आहे. उर्दू-फारसीत जिवाला जीव देणाऱ्या मित्राला ‘यार-ए-गार’, म्हणजे गुहेतला मित्र, म्हणतात ते यावरूनच.

मात्र ‘साहिब’ या शब्दाला स्वतःचे पावित्र्य नाही. कुरआनातच यूसुफ आपल्या तुरुंगातल्या दोघांना ‘साहिब’ म्हणतात, आणि माशाच्या पोटात गेलेले यूनुस हे ‘साहिब-उल-हूत’ ठरतात. ‘सहाबी’ ही संज्ञा त्याहून काटेकोर आहे. इब्न हजर अस्कलानी या पंधराव्या शतकापर्यंत हयात असलेल्या हदीस-पंडितांच्या (हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) व्याख्येनुसार, जो श्रद्धा ठेवून पैगंबरांना भेटला आणि इस्लामवरच मरण पावला, तो सहाबी. येथे ‘पाहिले’ऐवजी ‘भेटला’ म्हटले आहे, कारण इब्न उम्म मक्तूम हे अंध होते, आणि तरीही मदीनेत अजान देणारे नामांकित सहाबी होते. उलट, गुहेपासून यस्रिबपर्यंत वाट दाखवणारा अब्दुल्लाह इब्न उरैकित त्या वेळी कुरैशांच्या, म्हणजे मक्केतल्या प्रमुख टोळीच्या, जुन्याच धर्माचा होता. तो प्रवासातला सोबती खरा, पण तेवढ्याने तो सहाबी होत नाही. म्हणूनच ‘सहाबी’साठी नुसते ‘सोबती’ लिहून भागणार नाही. प्रथम उल्लेखात ‘सहाबी, म्हणजे पैगंबरांचे श्रद्धावान सोबती’ असे लिहावे, हे माझे मत.

‘अनुयायी’ मात्र टाळावे. एक तर आजचा प्रत्येक मुसलमान अनुयायी आहेच. शिवाय सहाबींना भेटलेल्या पुढच्या पिढीसाठी ‘ताबिई’ ही स्वतंत्र संज्ञा आहे आणि तिचा धात्वर्थच ‘मागून येणारा’ असा आहे. अबू बकर यांना अनुयायी म्हटले की ही पिढ्यांची उतरंड पुसली जाते.

स्त्रीसाठी ‘सहाबिया’ म्हणावे; ‘साहिबा’ नव्हे, कारण तो आदरार्थी शब्द वेगळा. अबू बकर यांची थोरली कन्या अस्मा हिने प्रवासाच्या शिदोरीचे तोंड बांधायला दुसरे काही न मिळाल्याने आपला कमरपट्टा फाडून दोन केला, आणि ‘जात-उन-निताकैन’, दोन कमरपट्ट्यांची, हे नाव मिळवले. तिच्याविषयी ‘अस्मा या सहाबिया होत्या’ असे लिहावे.