कर्करोगाच्या औषधासाठी ऑनलाइन वर्गणी: मदत कशाला करावी?

प्रश्न : आमच्या गावातील एका अडतीस वर्षांच्या शेतकऱ्याला तोंडाचा कर्करोग झाला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया आणि नंतर रेडिएशन सांगितले; पण जबड्याचा भाग काढावा लागेल हे ऐकून घरची मंडळी बिथरली आणि चिरफाड न करता रोग मुळासकट घालवण्याची हमी देणाऱ्या परराज्यातील एका वैद्याकडे जाण्याचे त्यांनी ठरवले. औषधाच्या खर्चासाठी पुतण्याने ऑनलाइन आवाहन केले आहे. ते मी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत पाठवावे आणि गणेश मंडळाच्या शिलकीतूनही रक्कम मिळवून द्यावी, असा आग्रह होत आहे. नाही म्हटले तर गावात तोंड दाखवणे कठीण. काय करावे?
– एक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, मदत जरूर करावी, मात्र त्या औषधासाठी एक रुपयाही देऊ नये आणि ते आवाहन आहे त्या स्वरूपात पुढे पाठवू नये. शिक्षकाने पाठवलेला संदेश गावात खात्रीचा समजला जातो, त्यामुळे उद्या दुसऱ्या घरातील रुग्णही त्याच वैद्याचा पत्ता शोधत निघेल. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे व जादूई उपचारविषयक कायद्याने मनाई आहे, हेही मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगावे.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोग शरीरात दूरवर पसरलेला नसताना ज्यांनी प्रचलित उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचा धोका प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट आढळला. त्या अभ्यासात तोंडाचा कर्करोग नव्हता. तरीही या रोगात वाया गेलेल्या महिन्यांची किंमत वेगळी सांगायला नको, कारण आज जबड्याचा जेवढा भाग काढून भागते तेवढ्यावर पुढे भागेलच असे नाही, आणि गाठ मानेत उतरली की शस्त्रक्रियाही मोठी होते. होमिओपॅथीसाठी वर्गणी मागणाऱ्या २२० कर्करुग्णांच्या ऑनलाइन आवाहनांचा अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या कर्करोगविषयक वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्या आवाहनांतून सुमारे १४ लाख डॉलर जमले होते आणि किमान २८ टक्के रुग्ण दगावल्याचे दिसून आले. देणाऱ्यांची माणुसकी खरीच होती.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन येते. रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटावे. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय येथेही चौकशी करता येईल. मात्र खरी ओढाताण योजनेबाहेरच्या खर्चात होते, आणि आवाहनात नेमके त्याविषयी कोणी लिहीत नाही. रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालते. तेवढे दिवस नागपुरात खोली, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, गिळता येत नसल्याने पातळ आहार, आणि इकडे वेचणीला आलेला कापूस. मंडळाने ही जबाबदारी उचलावी. खोलीचे भाडे परस्पर द्यावे, वेचणीला मजूर लावून द्यावेत. (मंडपामागे बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्या पोरांनाही यानिमित्ताने एकदा नागपूरला सोबत न्यावे, असे मला फार वाटते.)

पुतण्याला दोष देऊ नये. धडपड करणारा तोच एक आहे. त्याला आवाहन बदलून लिहायला मदत करावी: रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि बायोप्सीचा अहवाल जोडावा, रुग्णालयाचे बिल असेल ती रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाईल अशी व्यवस्था करावी आणि बाकीच्या खर्चाचा हिशेब मंडळाने ठेवावा. नुसता वैयक्तिक क्यूआर कोड फिरवला की पुढे हिशेब कोण कोणाला विचारणार? जबड्याच्या भीतीबद्दल मात्र पुतण्याशी नव्हे, रुग्णाशी आणि त्याच्या पत्नीशी बोलावे. काढलेल्या भागाची पुनर्रचना शक्य आहे का, जेवणे-बोलणे कितपत राहील, हे शल्यविशारदाला विचारायला त्यांच्यासोबत कोणीतरी जावे. बऱ्याच घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि वैद्याची हमी तिथेच घर करते.

एवढे करूनही त्यांनी वैद्याच्या पुड्या आणल्याच, तर संबंध तोडू नयेत. रुग्णालयातील उपचार चालू ठेवण्याचा आग्रह धरावा आणि पुडी डॉक्टरांना दाखवावी, कारण काही भस्मांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले आहे आणि केमोथेरपी चालू असताना यकृत व मूत्रपिंडांवर त्याचा भार पडू शकतो.