रिचमंड फोक फेस्टिव्हलला आई-बाबांना घेऊन जायचंय. तिकीट लागतं का? कधी गेलेलं बरं?

तिकीट अजिबात नाही. व्हर्जिनियातल्या रिचमंडला, साधारण सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमधल्या एका शनिवार-रविवारी (सुरुवात शुक्रवारी संध्याकाळीच) जेम्स नदीकाठी, ब्राउन्स आयलंड आणि ट्रेडेगारच्या जुन्या लोखंड कारखान्याच्या परिसरात हा लोकसंगीताचा महोत्सव भरतो. स्वयंसेवक नारिंगी बादल्या घेऊन फिरतात, त्यात यथाशक्ती टाका. फुकट कार्यक्रमाला तेवढा हातभार लावायलाच हवा.

खरी अडचण चढाची. डाउनटाउनमधून नदीकडे उतरताना काही वाटत नाही, परतताना गुडघे बोलायला लागतात. म्हणून आई-बाबांना जमेल तितकं खाली सोडा आणि मग गाडी लावायला जा. शनिवारी दुपारनंतर तोबा गर्दी असते. त्यापेक्षा रविवारी, कार्यक्रम सुरू होतानाच पोचा. घडीची खुर्ची जवळ असू द्या.

एकाच वेळी बऱ्याच मंचांवर गाणं-बजावणं चालू असतं. सगळं बघायच्या नादात नुसती पायपीट होते. वेळापत्रक आधी पाहून दोन-तीन कार्यक्रम ठरवा, एका मंचासमोर बैठक मारा. नाचाच्या मंडपात मात्र डोकवाच, तिथे अनोळखी माणसंही हात धरून ओढतात. संध्याकाळी नदीवर गारठा पडतो, स्वेटर घ्या. कुत्रा घरीच ठेवा, आत सोडत नाहीत.