वाचकांच्या शंका : हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ

प्रश्न : लंडन ते न्यू यॉर्क हे अंतर कुठे ५,५७० दिसतं, कुठे ५,५४०, तर कुठे २,९९०. यातलं खरं कोणतं?

उत्तर : तिन्ही खरी, मोजलेली गोष्ट वेगळी. ५,५७० किलोमीटर हे शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, ५,५४० हे लंडनच्या हीथ्रो ते न्यू यॉर्कच्या केनेडी विमानतळाचं. २,९९० हे सागरी मैल आहेत, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

हे घरी पडताळता येतं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार करून तो पहिल्यात मिळवा. बेरजेचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹) अंशांत काढून १११.२ ने गुणला की किलोमीटर मिळतात. इथे अक्षांश ५१.५ आणि ४०.७, रेखांशांतला फरक ७३.९. बेरीज ०.६४१, कोन ५०.१ अंश, अंतर ५,५७०.

चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर राहिलेला असतो. ४० अंश ४२ कला हे ४०.४२ असं लिहिलं जातं. अंशाच्या ६० कला असतात, म्हणून ते ४०.७ हवं. आणि एक शहर पूर्व रेखांशावर, दुसरं पश्चिमेला असेल तर रेखांशांची वजाबाकी नव्हे, बेरीज करायची असते. दक्षिण अक्षांश ऋण धरावा.

प्रश्न : अंतर तेच, मग लंडनहून जाताना आठ तास आणि परतताना सातच का लागतात?

उत्तर : वाऱ्यामुळे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, आणि प्रवासी विमानंही त्याच उंचीवर उडतात. हवेत विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा ताशी १०० धरू. वारा पाठीशी असेल तर जमिनीच्या हिशेबात वेग १,००० होतो आणि ५,५४० किलोमीटरला ५ तास ३२ मिनिटं लागतात. तोच समोरून आला तर वेग ८००, वेळ ६ तास ५५ मिनिटं. हिवाळ्यात प्रवाह जोर धरतो, तेव्हा ही तफावत आणखी वाढते. म्हणूनच पश्चिमेकडे जाणारं विमान कित्येकदा सर्वांत जवळचा मार्ग सोडून लांबून जातं आणि तरीही लवकर पोहोचतं.

तिकिटावरचा वेळ याहून जास्त असतो, कारण तो गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरण्यासाठी रांगेत घिरट्या घालणं हे सगळं त्यात आलं. ढोबळ अंदाज हवा असेल तर किलोमीटरला ८५० ने भागा आणि ४५ मिनिटं मिळवा. वाऱ्याचा फरक मात्र यात धरलेला नाही.

प्रश्न : तिकिटावर सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला पोहोच लिहिलंय. प्रवास तीन तासांचा?

उत्तर : नाही, आठ तासांचा. दोन्ही वेळा त्या त्या शहरातल्या स्थानिक आहेत आणि न्यू यॉर्क लंडनच्या पाच तास मागे असतं. मार्चमध्ये मात्र जपून. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा राहतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतही तसंच. त्या दिवसांत पुढचं विमान गाठायचं असेल तर वेळ नव्याने मोजा.