कधी न भेटलेल्या माणसासाठी पोरगं रडालंय, काय करू?

प्रश्न : आम्ही चिकोडी तालुक्यातले, गाव कृष्णेकाठी. माझा धाकटा पाचवीत आहे. मोबाईलवर त्या मगरीवाल्या स्टीव्ह आयर्विनचे जुने व्हिडिओ बघायचा, इंग्लिश निम्मं कळायचं नाही तरी बघायचा. परवा शाळेत कुणीतरी सांगितलं की तो माणूस कधीच मेलाय, तेव्हापासून नीट जेवत नाही, रात्री रडालाय. आजोबा चिडवतात, कोण कुठला गोरा, तुझा काय लागतोय म्हणून. आता सर्वपित्रीला त्यांच्या नावानं पान वाढा म्हणालाय, त्यावर सासूबाई भडकल्यात. वर नदीवर सुसर बघायला जायचा हट्ट आहे तो वेगळाच. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे आजोबांना सांगा की चिडवू नका. त्याचं दुःख खरंच आहे हो. स्टीव्ह आयर्विन गेले २००६ मध्ये, ४ सप्टेंबरला, पण तुमच्या पोरासाठी ते परवाच गेले की! रोज घरात येऊन बोलणारा माणूस एकदम नाही म्हटल्यावर दहा-अकरा वर्षाच्या पोरानं काय करायचं? रडू दे त्याला, आणि तुम्ही पण शेजारी बसा.

पण शाळेत कुणीतरी सांगितलं तेवढ्यावर सोडू नका, काय झालं ते घरातल्या माणसानं नीट सांगायला पाहिजे. वय होतं ४४. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडजवळ बॅट रीफ म्हणून प्रवाळाचा भाग आहे, तिथं एका डॉक्युमेंटरीचं शूटिंग चालू होतं, हवा खराब म्हणून मुख्य काम थांबलेलं, मग रिकामं कशाला बसा म्हणून मुलीच्या, बिंदीच्या, कार्यक्रमासाठी उथळ पाण्यात थोडं शूटिंग करू म्हणून ते उतरले. तिथं एक मोठा पाकट होता. गोव्याच्या मासळी बाजारात पाकट येतो बघा, चपटा, लांब शेपटीचा, त्याच जातीतला. त्याच्या शेपटीला करवतीसारखे दाते असलेला काटा असतो आणि घाबरला की तो शेपटी मारतो. तो काटा छातीत घुसला.

इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ते गेल्यावर तिथल्या किनाऱ्यांवर शेपट्या तोडलेले मेलेले पाकट सापडले, लोकांनी सूड घेतला असावा असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. तेव्हा आयर्विन यांच्याच वाईल्डलाईफ वॉरियर्स संस्थेनं सांगितलं की असलं काही करू नका, स्टीव्हना हे अजिबात चाललं नसतं. हे पोराला नक्की सांगा. त्या माशावर त्याचा राग असणार, आणि राग काढायची जागा ती नव्हे हे त्याच्या हिरोच्याच माणसांनी सांगितलंय म्हटल्यावर तो ऐकेल.

आणि मोबाईलवर 'शेवटचा खरा व्हिडिओ' म्हणून जे फिरतंय ते खोटं आहे, खरं शूटिंग कधी बाहेर आलंच नाही. शोधत बसू देऊ नका. त्यापेक्षा बिंदी आणि तिचा भाऊ रॉबर्ट यांचे व्हिडिओ दाखवा. बाप गेला तेव्हा बिंदी ८ वर्षांची, रॉबर्ट तर ३ सुद्धा पूर्ण नव्हता. श्रद्धांजलीच्या सभेत एवढीशी बिंदी हजारो लोकांपुढं उभी राहून बापाबद्दल बोलली. आज दोघं आईबरोबर बापाचंच ऑस्ट्रेलिया झू हे प्राणिसंग्रहालय सांभाळतात, आजी-आजोबांनी १९७० मध्ये सुरू केलेलं, आणि रॉबर्ट तिथं बापासारखाच मगरींना खायला घालतो. हे बघून पोराचं मन जरा तरी हलकं होईल असं मला वाटतं.

आता नदी. इथं मात्र अजिबात ढिलाई नको ताई! आयर्विनना मगर धरायला वडिलांनी लहानपणापासून शिकवलं होतं, पुढं क्वीन्सलँड सरकारसाठी वस्तीजवळच्या मगरी पकडून दुसरीकडं सोडायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. व्हिडिओत ती तालीम दिसत नाही, उडी तेवढी दिसते. आपल्या कृष्णेतल्या सुसरी, म्हणजे मगरीच, थंडीत सकाळी उन्हाला काठच्या मळीवर पडलेल्या असतात, तेव्हा मोठ्या माणसाबरोबर, लांबून, उंच काठावरून बघू दे. उन्हाळ्यात मादी अंड्यांवर राखण बसते, तेव्हा तर काठाला फिरकायचंच नाही. धुणं धुवायला जाताना त्याला बरोबर नेत असाल तर ते पण बंद करा. गावात कोण दगड मारत असेल तर पोरालाच सांगू दे की वाघाला कायद्यानं जेवढं संरक्षण आहे तेवढंच हिला आहे.

राहिला पानाचा प्रश्न. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच विचारा, महालयात आपण फक्त रक्ताच्या माणसांनाच आठवतो का? गुरूचं, मित्राचं नाव घेऊन पण पिंड देतातच की. ह्या पोराला ज्या माणसानं सुसरीकडं न घाबरता, न मारता बघायला शिकवलं तो त्याचा गुरूच झाला. भटजींना विचारायचं तर विचारा, पण घरचं पान वाढायला कुणाची हरकत असायचं कारण मला दिसत नाही. घास पोराच्या हातानंच ठेवू द्या, आणि त्या दिवशी खीर-वडे झाल्यावर त्याला आजोबांच्या शेजारीच जेवायला बसवा.