विचारा की! : माळ्यावरचे आठ डबे

मागच्या अंकात या पानाच्या तळाशी मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की करोनाच्या दिवसात कुणाचं काही देणं राहून गेलं असेल किंवा कुणावरचा राग अजून गेला नसेल तर लिहा. मला वाटलं चार-पाच पत्रं येतील फार तर, कारण हल्ली तो विषय काढला की लोक "नको गं बाई" म्हणून उठूनच जातात. पण पत्रांचा ढीग आला. पाचच घेतलीत. नावं-गावं मुद्दाम गाळलीत, ओळखीचं कुणी वाटलं तर गप्प बसा.

प्रश्न : मी नर्स आहे. २०२० मध्ये सात महिने कोविड वॉर्डात ड्युटी केली. २२ मार्चला संध्याकाळी पाचला सोसायटीत सगळ्यांनी गॅलरीत येऊन थाळ्या वाजवल्या, मी नेमकी ड्युटीवरून येत होते तर मला बघून अजून जोरात वाजवल्या. मे महिन्यात तेच लोक म्हणाले लिफ्ट वापरू नका. मग कमिटीने आमच्या घरमालकाला फोन केला की यांना काही दिवस दुसरीकडे जायला सांगा. दीड महिना मी हॉस्टेलवर राहिले, मुलगी तीन वर्षांची, ती आईकडे. फक्त तळमजल्यावरच्या आजी, त्या मी असेपर्यंत रोज पहाटे गेटपाशी थर्मासमध्ये कॉफी ठेवायच्या. आता यंदाच्या गणपतीत मला 'कोविड योद्धा' म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं ठरलंय, त्याच सेक्रेटरींच्या हस्ते. नवरा म्हणतो झालं गेलं सोड, जा. जाऊ का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून आधी मला माझीच लाज वाटली. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहायचा, लॅबमध्ये स्वॅब घ्यायचं काम करायचा. तो लिफ्टमधून उतरला की मी मागून जाऊन बटणांवर सॅनिटायझर मारायचे. एकदा तो विसरलेलं काहीतरी घ्यायला परत आला आणि त्याने बघितलं. काही बोलला नाही, जिन्याने वर गेला. नंतर ते घर सोडून गेले आणि माझं "सॉरी" माझ्याकडेच राहिलं. त्यामुळे तुमच्या सोसायटीवाल्यांची भीती मला आतून माहितीये. तेव्हा आपण भाज्यासुद्धा साबणाने धूत होतो, कुणाला काहीच कळत नव्हतं.

पण घाबरलेला माणूस लांब उभा राहतो, मास्क लावतो, दाराला कडी लावतो. घरमालकाला फोन लावून तीन वर्षांच्या पोरीच्या आईला घराबाहेर काढणं, ते भीतीच्या खात्यात नाही हो बसत. कायद्यानेही नाही बसत. प्लेगच्या वेळचा १८९७ चा साथरोग कायदा आहे ना, त्यात २२ एप्रिल २०२० ला अध्यादेश काढून बदल केला, आणि त्यात डॉक्टर-नर्स मंडळींना राहणं किंवा काम करणं अवघड होईल असा त्रास देणं हे हिंसेतच धरलंय, तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे तुमच्याशी ते वागले ते अध्यादेश आल्यानंतर, मे महिन्यात. आता केस करा असं मी सांगत नाहीये, फक्त "एवढं काय मनाला लावून घ्यायचं" असं कुणी म्हणालं तर हे डोक्यात असू द्या. त्या दिवसात फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा आणि मग ती बाई सांगायची की आपल्याला आजाराशी लढायचंय, आजारी माणसाशी नाही. दिवसातून वीस वेळा ऐकत होतो आपण. आणि योद्धा वगैरे शब्द वापरायचेच असतील तर त्याच १८९७ मध्ये १० मार्चला सावित्रीबाई प्लेगने गेल्या, मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणताना त्यांना लागण झाली, आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो आणि शेजारच्या नर्सला जिन्याने जायला सांगतो.

तर जायचं की नाही. मी असते तर सेक्रेटरींना आधी फोन केला असता, की शाल घेते पण दोन मिनिटं माईक पाहिजे. आणि माईकवर बाकी कुणाबद्दल चकार शब्द काढला नसता, फक्त आजींचं नाव घेऊन सांगितलं असतं की या पहाटे उठून माझ्यासाठी कॉफी ठेवायच्या, ही शाल त्यांची. आणि त्यांच्या खांद्यावर घालून खाली उतरायचं. ज्यांना समजायचं त्यांना समजेल. पण बोलताना रडू फुटेल असं वाटत असेल तर खुशाल नाही म्हणा. एका नारळाच्या बदल्यात माफी देऊन टाकायला तुम्ही बांधील नाही, नवऱ्याने कितीही सांगितलं तरी. आणि सेक्रेटरी जर कार्यक्रमाआधी एकटे घरी आले, "वहिनी, आमचं चुकलं" म्हणाले, तर मात्र दार उघडा, चहा टाका.

प्रश्न : लॉकडाऊनमध्ये एप्रिल आणि मे असे दोन महिने कामाच्या मावशींना काम नसताना पूर्ण पगार दिला. जूनपासून माझ्या मिस्टरांचा पगार निम्मा झाला म्हणून बंद केला. आता मावशी मंडईत दिसल्या की तोंड फिरवतात. आम्ही इतरांपेक्षा जास्तच केलं होतं, हा कृतघ्नपणा नाही का?

उत्तर : दोन महिने दिलेत ते चांगलंच केलंत, पुष्कळांनी तेही दिले नाहीत. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीये. जूनमध्ये पगार बंद करताय हे त्यांना सांगितलंत का? की पैसे नुसते यायचे थांबले? कारण तसं झालं असेल तर त्या महिन्यात त्यांनी वाट बघितली असणार, वाण्याला "दहा तारखेला देते" सांगितलं असणार. २०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारने घरेलू कामगारांना दीड हजार जाहीर केले होते, तेसुद्धा नोंदणी असलेल्यांनाच, आणि तुमच्या मावशींची नोंदणी आहे का हे तुम्हाला तरी माहितीये का? मला नव्हतं माझ्या मावशींचं. निम्म्या पगारात तुमची काय ओढाताण झाली असेल ती मला कळते, त्यांनाही कळली असती, त्यांच्याइतकं ते कुणाला कळणार. पुढच्या वेळी दिसल्या की आपणच समोर जा आणि म्हणा, मावशी मी तेव्हा फोन करायला पाहिजे होता. कृतघ्न बितघ्न शब्द घरी ठेवून जा.

प्रश्न : आई एप्रिल २०२१ मध्ये गेली. हॉस्पिटलमध्ये धावपळ करायला मी एकटीच. तिला परस्पर महापालिकेच्या माणसांनी नेलं, मला लांबून दाखवलं फक्त. भाऊ दोनशे किलोमीटरवर, आला नाही, ई-पासचं कारण सांगितलं. तेव्हापासून मी भाऊबीजेला गेले नाहीये. आता भाचीचं लग्न ठरलंय. सगळे म्हणतात समजून घे, तो काळच तसा होता. मी किती समजून घेऊ?

उत्तर : "तो काळच तसा होता" हे वाक्य मला पण डोक्यात जातं. काळ तसा होता पण त्यातही माणसं वेगवेगळी वागली ना. अंत्यविधीसाठी जिल्ह्याबाहेर जायला तेव्हा मुभा होती, फक्त माणसं वीस. त्यामुळे भावाला यायचंच असतं तर बहुतेक येता आलं असतं, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

पण एक करून बघा. "का आला नाहीस" हे तुम्ही त्याला शंभर वेळा विचारलं असेल, तोंडाने नाहीतर अबोल्याने, आणि त्याचं त्याच्याकडे पाठ उत्तर तयार आहे, ई-पास. त्याऐवजी विचारा की त्या रात्री तू काय करत होतास. बस एवढंच. एका बाईंनी मला मागे सांगितलं होतं, त्यांचा दीर वडील गेले त्या रात्री गाडी काढून टोलनाक्यापर्यंत आला आणि परत फिरला, घरी दोन लहान मुलं म्हणून, आणि हे त्याने कुणाला कधी सांगितलंच नाही, भ्याड म्हणतील म्हणून. तुमच्या भावाचं तसं असेलच असं नाही. कदाचित तो झोपला असेल. मग तेही कळेल आणि लग्नाला फक्त आहेर पाठवा.

आणि मला वाटतं तुम्हाला त्याचं कारण नकोच आहे. तुम्हाला त्याच्या तोंडून "ताई, सगळं तू एकटीने केलंस" एवढं ऐकायचंय. हे आपल्यात होतच नाही, घरच्या माणसाला कुणी आभार मानतं का म्हणतात, परकेपणा वाटतो म्हणे. त्याला सुचणार नाही, तुम्हीच सांगा मला हे ऐकायचंय म्हणून. मागून घेतलेलं असलं तरी चालतं.

त्या दिवसात आलेले फोनही आठवत असतील तुम्हाला. शुगर होती का त्यांना? लस घेतली होती का? बाहेर कुठे गेल्या होत्या का? माणूस गेलंय आणि लोक चौकशी आयोग बसवतात. ते खरं तर स्वतःला समजावत होते की आमच्याकडे शुगर नाही म्हणजे आम्हाला काही होणार नाही. मी पण विचारलेत हे प्रश्न, आता विचारत नाही. आता मी नुसतं म्हणते, काकू काय करायच्या गं छान, त्या आंबोळ्या? आणि मग समोरची दहा मिनिटं बोलते.

अजून एक, ते पीपीई किटमधले लोक, ज्यांनी आईला नेलं. तोंडं दिसली नाहीत तुम्हाला त्यांची. पण ती स्मशानभूमी तर माहितीये. आईच्या तिथीला जे पान वाढता त्याबरोबर तिथल्या कामगारांना डबा नेऊन द्या. तेव्हाचेच असतील नाहीतर नवीन असतील, काही फरक पडत नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या आशाताईंनी करोनात घरोघरी फिरून ऑक्सिजन तपासला, माझ्या वडिलांचा ८८ आला तेव्हा त्यांनीच गाडी बोलावली, म्हणून वडील आज आहेत. आम्हा भावंडांना त्यांना काहीतरी द्यायचंय. साडी बरी दिसेल का पैसे?

उत्तर : साडी द्या की, पण आधी एक ऐका. 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' १५ सप्टेंबर २०२० ला सुरू झालं तेव्हा या बायका तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेल्या, आणि बहुतेक दारात त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं केलं गेलं, पाणी विचारायची पण लोकांना भीती. कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला हजार रुपये. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशांना संप करावा लागला मानधनासाठी. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांना पुरस्कार दिला, टाळ्या झाल्या, पण त्यांना आजही पगारी कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. म्हणजे साडीच्या वर तुम्ही एक करू शकता, त्यांचं मोर्चा-निवेदन वगैरे काही असेल तेव्हा गावातून दहा-वीस सह्या गोळा करून द्या, ग्रामसभेत उभं राहून वडिलांचा तो ८८ चा आकडा सांगा. आणि साडी द्यायला त्यांच्या घरी जाऊ नका, त्यांना तुमच्या घरी बोलवा, आत, खुर्चीवर, आणि चहा वडिलांच्या हातून.

प्रश्न : हसू नका. आमच्या माळ्यावर स्टीलचे आठ डबे आहेत, वरच्या मजल्यावरच्या काकूंचं नाव कोरलेले. त्यांच्या बाथरूमच्या लीकेजवरून आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. एप्रिल २०२१ मध्ये आम्ही तिघेही पॉझिटिव्ह, आणि चौदा दिवस रोज साडेबाराला बेल वाजायची आणि दाराच्या कडीला डब्याची पिशवी. आम्ही घाबरून डबे परत केले नाहीत, म्हटलं त्यांना लागण नको. मग त्या मुलाकडे राहायला गेल्या, डबे राहिले, आणि मी साधं थँक्यू पण म्हटलं नाही. आता इतक्या वर्षांनी फोन करायचा तर काय तोंडाने करू?

उत्तर : हसले, सॉरी. पण आठ डब्यांत चौदा दिवस कसे बसवले काकूंनी त्याचा हिशोब करतेय मी. बहुतेक घरचे संपल्यावर श्रीखंडाचे प्लॅस्टिकचे आले असणार, ते तुम्ही टाकून दिले असतील.

फोन करू नका. व्हॉट्सअॅपवर हात जोडलेला तो इमोजी तर अजिबात नको. डबे काढा, चिंचेने घासा, आणि घेऊन जा. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायला नको, आठ आहेत म्हणजे काम आहे, दोन दिवस आधीपासून लागा. चकली, शेव, रव्याचे लाडू, एकात नुसता गूळ-शेंगदाणे चालेल, सगळ्यात जीव काढू नका. तिथे गेल्यावर "तुमचे खूप उपकार झाले" असलं काही बोललात तर काकू "अगं त्यात काय" म्हणतील आणि विषय संपेल. त्यापेक्षा त्यांना डब्यातलं सांगा. कुठल्या दिवशी काय होतं, मुगाची खिचडी होती का पिठलं होतं. तुम्हाला तेव्हा चव-वास काहीच कळत नव्हतं असणार, तेही सांगा, की काकू तुम्ही इतकं केलंत आणि आम्हाला एका घासाची चव कळली नाही, आता परत एकदा पिठलं घाला. त्या लगेच कढई ठेवतील बघा.

आणि लीकेजचा विषय काढू नका. त्यांनी काढला तरी काढू नका.

निघायच्या आधी झाकणं मोजा. एखादं नक्की हरवलेलं असणार.